खाली सही कोणाची?

पत्र वाचून दाखवणे हा एके काळी खेड्यातला मानाचा उद्योग होता. मोबदला काही नसे; फार तर चहा मिळे आणि हंगामात हुरडा. पण ज्याला वाचता येई त्याच्या ओट्यावर माणसे येत, कार्ड नाहीतर निळे अंतर्देशीय पत्र त्याच्या हाती देत आणि त्याच्या तोंडाकडे बघत बसत. आमच्या बोरीच्या गल्लीत हे काम माझे आजोबा करीत. निजामी अमलात शाळेत उर्दू शिकलेले आणि पुढे आपल्या हिकमतीने मराठी वाचू लागलेले. त्यांची एक पद्धत होती, ती आमच्या घरात अजून सांगितली जाते. पत्र हाती आले की ते वरून वाचायला लागत नसत. आधी खाली बघत. सही वाचून मोठ्याने सांगत, "तुमच्या धाकट्याचं हाय, पुण्याहून." मग वर जाऊन तारीख बघत आणि त्यानंतर 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष' पासून सुरुवात करीत. कुणी घाई केली तर म्हणत, "कोण बोलायलंय ते तर कळू दे आधी."

आजोबा गेले, पत्रेही गेली. पण वाचून दाखवण्याचा उद्योग संपला असे मात्र कुणी समजू नये. तो आता माझ्याकडे आला आहे. मी मराठी विषय घेऊन बी. ए.च्या शेवटच्या वर्षात शिकते. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले तसे आमच्या गल्लीत घरटी एक तरी मोठा फोन आला, आणि आता पत्राऐवजी माणसे फोन पुढे करतात. त्यातही लग्नाची पत्रिका किंवा बाजारभाव वाचून घेण्यास फारसे कुणी येत नाही, ते त्यांचे त्यांना जमते. येतात ते दुखण्याचे प्रश्न घेऊन. "बाई, मोबाइलमधी बघून सांग बरं, रात्रीच्याला पायात गोळे कशानं येत असतील?" "ही गोळी उपाशीपोटी घ्यायची का जेवून?" "सोनोग्राफीत हे काय लिहिलंय?" कोणी चिठ्ठी आणते, कोणी तपासणीचा कागद, कोणी गोळ्यांची रिकामी पट्टी. दवाखान्यात रांग मोठी असते, डॉक्टरांना वेळ थोडा असतो आणि विचारण्याची भीड असते. माझ्याजवळ यातले काहीच आडवे येत नाही. म्हणून माझ्यासारखी कलाशाखेची मुलगी गल्लीची अर्धी वैद्य होऊन बसते. आपल्या महाविद्यालयातल्या कितीतरी जणांची घरोघरी हीच गत असेल, म्हणून हा लेख लिहिण्याचे धाडस करीत आहे.

या कामात पहिली अडचण आली ती भाषेची. मराठीच्या विद्यार्थिनीला भाषेचीच अडचण यावी ही गंमत आहे खरी. आपल्या बायामाणसांजवळ दुखण्याला केवढे शब्द आहेत पाहा. पाठीत चमक निघते, पोटात कळ येते, गळू ठणकते, जखम ठसठसते, छातीत जळजळ होते, आतडी मुरडतात, पायाला रग लागते, हाताला मुंग्या येतात, काट्याचा सल राहतो. एकाच्या जागी दुसरा शब्द कुणी वापरीत नाही. ठणका म्हटले की आत पू धरला असावा आणि मुरडा म्हटले की आतड्यांचे काही असावे, इतके त्या शब्दातच येऊन जाते. मी हे सारे फोनवर लिहायला बसते तेव्हा पुस्तकी मराठीत किंवा इंग्रजीत घालावे लागते, आणि तिथे चमक, कळ, ठणका यांची मिळून एक 'वेदना' होते. शेजारच्या काकूंनी चार वाक्यांत जे नेमके सांगितले ते शोधाच्या रकान्यात जाईपर्यंत निम्मे सांडलेले असते. मग येणारे उत्तरही भलत्याच वेदनेचे असले तर नवल काय?

परत येताना शब्द दुसरा घोटाळा करतात. २०२० मध्ये करोनाच्या दिवसांत आमच्या गल्लीतल्या एका मुलाचा तपासणी अहवाल 'निगेटिव्ह' आला. हे ऐकून त्याच्या आईने रडायला सुरुवात केली. निगेटिव्ह म्हणजे नकाराचे, म्हणजे वाईट, असा तिचा सरळ हिशेब होता. दवाखान्याच्या भाषेत आजार सापडला तर पॉझिटिव्ह आणि नाही सापडला तर निगेटिव्ह, हे समजावून देईपर्यंत अर्धा तास गेला. असाच दुसरा शब्द 'सौम्य'. एका मावशींच्या गाठीच्या तपासणीत जो इंग्रजी शब्द होता त्याचे फोनने 'सौम्य' असे भाषांतर दिले. मावशी मला विचारतात, "सौम्य म्हंजे थोडासाच कॅन्सर का?" वस्तुतः त्या शब्दाचा अर्थ ती गाठ कॅन्सरची नव्हे, असा होता. शब्द शुद्ध मराठी, अक्षरे ठळक, वाचणारी पदवीच्या वर्गातली, आणि तरीही मधल्या मध्ये एका बाईची झोप उडते. अक्षर वाचता येणे आणि अर्थ लागणे यांत एवढे अंतर असते, हे मला वर्गात कळले नव्हते ते या ओट्यावर कळले.

पण या अडचणी निदान प्रामाणिक आहेत. खरे भय आहे ते न विचारता येणाऱ्या मजकुराचे. २०२१ च्या जून महिन्यात नाशिकच्या एका गृहस्थांच्या अंगाला, करोनाची लस घेतल्यावर, नाणी आणि चमचे चिकटतात अशी चित्रफीत महाराष्ट्रभर फिरली. लशीने शरीरात लोहचुंबक शिरते, असा बोभाटा झाला. लशीचा एक डोस अर्ध्या मिलिलिटरचा, आणि त्याने म्हणे माणूस चुंबक होतो! महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी याचा लशीशी संबंध नाही, घामट-ओलसर कातडीला हलक्या वस्तू चिकटतात एवढेच हे आहे, असे दाखवून दिले. आमच्या घरात हा प्रश्न माझ्या चुलतीने मिटवला. माझा धाकटा भाऊ उन्हात क्रिकेट खेळून घामाघूम होऊन आला होता. त्याने लस घेतलेली नव्हती. त्याच्या वयाला ती तेव्हा मिळतही नव्हती. चुलतीने रुपयाचे नाणे त्याच्या कपाळावर दाबले. ते चिकटून राहिले. "आता हेच्यात चुंबक कुणी घातलं?" एवढे बोलून ती भाकरी थापायला गेली. ती चौथी शिकलेली आहे. शंका कशी घ्यावी आणि ती कशी तपासावी, हे शाळेच्या इयत्तेवर अवलंबून नसते.

सगळ्याच गोष्टी मात्र नाण्याइतक्या सोप्या नसतात. माझ्या आत्याला नऊ वर्षांपासून शुगर आहे. सकाळ-संध्याकाळ गोळी घ्यायची, तीन महिन्यांनी रक्त दाखवायचे, असा क्रम बरा चालला होता. गेल्या वर्षी सोयाबीन निघाल्यावर ती चार दिवस माहेरपणाला आली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने पाय माझ्यापुढे केला आणि म्हणाली, "लेकरा, मपला पाय बघ बरं. दुखत तर काहीच नाही, पण वास यायलाय."

करंगळीशेजारचे बोट काळे पडले होते. खाली फोड फुटून जखम झाली होती आणि ती केव्हा झाली हे तिला ठाऊक नव्हते. गोळ्यांचे विचारले तर म्हणाली, चार महिने झाले, बंद केल्या. मोबाइलमध्ये आले होते की कारल्याच्या रसाने आणि मेथीने शुगर मुळापासून जाते, आणि गोळ्यांनी मात्र किडन्या खराब होतात. मी तो मजकूर पाहिला. वर दोन फुले, मध्ये चूर्णाची मात्रा, शेवटी 'हे पुढे पाठवा, पुण्य मिळेल'. पाठवला कुणी? तिच्या जावेने. जावेला तिच्या भावाने, भावाला गावातल्या कुण्या समूहातून आलेला. तिथून पुढे माग लागला नाही. एका बाईच्या पायाशी गाठ असलेला तो कागद कुणी लिहिला, हे सांगणारे एकही माणूस नव्हते. आजोबांसमोर असे निनावी पत्र आले असते तर त्यांनी ते वाचायलाच घेतले नसते.

त्याच संध्याकाळी आम्ही एसटीने तिला परभणीला नेले. बोट काढावे लागले, पाय राहिला. डॉक्टरांनी आम्हाला शांतपणे समजावले की साखर बरीच वर्षे वाढलेली राहिली म्हणजे पायाच्या शिरा बधिर होतात. काटा मोडला, चप्पल चावली तरी कळत नाही. दुखत नाही म्हणून माणूस निश्चिंत राहतो आणि जखम आत चिघळत जाते. म्हणून साखरेच्या माणसाने रोज रात्री तोंड धुतल्यासारखे पाय बघावेत. आपल्या भाषेत दुखण्याला दहा शब्द आहेत, पण न दुखण्याला एकही नाही. आणि हा आजार नेमका न दुखण्यातून येतो.

घरी आल्यावर आत्याला गोळीचे महत्त्व पटवणे माझ्याकडे आले. मी तिला फोन दाखवला नाही. शेताचे विचारले. "आत्या, हराळी कधी मुळापासून गेली का गं?" ती हसली. "गेली असती तर खुरपणाऱ्या बायांना कशाला बलावलं असतं?" मग शुगरही हराळीच आहे, गोळी म्हणजे रोजचे खुरपणे, हे तिला एका वाक्यात उमगले. झाडपाल्याचा तिला अभिमान आहे, तोही मी मोडला नाही. साखरेवरच्या ज्या गोळ्या आज सर्वांत अधिक दिल्या जातात त्यांतल्या मेटफॉर्मिनचा उगमही युरोपातल्या एका रानटी झाडाच्या अभ्यासातून झाला, आणि १९५७ पासून माणसांवरच्या उपचारात ती वापरली जाऊ लागली, हे मी तिला सांगितले. झाडात गुण असतात. पण किती मात्रेला गुण आणि किती मात्रेला अवगुण, हे कुणीतरी वर्षानुवर्षे मोजून, आपले नाव खाली लिहून सांगावे लागते. हल्ली काही मजकूर आला की आत्या फोन करून विचारते, "खाली सही कोणाची हाय, बघ बरं." तिला लिहिता येत नाही, अंगठा करते.

सही असलेले ज्ञान आपल्याकडे नाही असे थोडेच आहे? आमच्या मराठवाड्यात विंचवाला कोण भीत नाही! विंचू चावला की काय करावे याच्या शेकडो चित्रफिती आहेत. कुणी कांदा चोळायला सांगते, कुणी मीठपाणी, कुणी मंत्र. पण याच विंचवाचा उलगडा आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या, भोकरदन तालुक्यातील देहेड गावच्या एका शेतकऱ्याच्या मुलाने केला. डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचवाने चावलेली माणसे, विशेषतः मुले, डोळ्यांदेखत जाताना त्यांनी पाहिली. रात्र-रात्र रोग्याच्या उशाशी बसून त्यांनी नोंदी केल्या: घाम केव्हा फुटतो, उलटी केव्हा होते, हातपाय केव्हा गार पडतात, हृदय केव्हा थकते. १९८२ मध्ये लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी ही लक्षणे मांडली, आणि १९८६ मध्ये प्राझोसिन ही रक्तदाबावरची साधी, स्वस्त गोळी या रोग्यांना कशी वाचवते ते त्याच नियतकालिकात लिहिले. नाव खाली, तारीख वर, आणि ज्याला शंका असेल त्याने तपासून पाहावे असे खुले आव्हान. जगभरच्या डॉक्टरांनी ते तपासून पाहिले. म्हणून आज विंचू चावल्यावर घाम आणि उलटी सुरू झाली तर कांदा शोधू नये, थेट दवाखाना गाठावा, हे आपण ठामपणे सांगू शकतो.

दुसरे उदाहरण मीठ-साखरेच्या पाण्याचे. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइनच्या बाटल्या संपत आल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर व खाण्याचा सोडा यांचे मोजलेले पाणी रोग्यांच्या नातेवाइकांकरवी पाजवले. शेकडा ३० च्या घरात असलेले मृत्यूचे प्रमाण ४ च्या आत आले. आज घरात पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हे माप कुठल्याही आईला पाठ करता येते. पण यातले मीठ फिरत-फिरत अर्ध्याचे दोन चमचे झाले तर तेच पाणी लेकराला घातक ठरते. तोंडोतोंडी जाणाऱ्या मजकुरात असा चमचा केव्हा बदलेल याचा नेम नसतो. म्हणून मूळ कागद पाहावा. मराठीतही असे मूळ कागद आहेत. गावपातळीवर काम करणाऱ्यांसाठी डॉ. शाम अष्टेकर यांनी 'भारतवैद्यक' हा ग्रंथ लिहिला आणि 'आरोग्यविद्या' हे मराठी संकेतस्थळही उभे केले. त्यांतली भाषा आपल्या ओट्यावरची आहे.

मग या गर्दीत सही ओळखावी कशी? मी माझ्यापुरते काही ठोकताळे केले आहेत. लिहिणाऱ्याचे पूर्ण नाव आणि तो काय करतो हे असावे. तारीख असावी, औषधांचे ज्ञान बदलते. 'मुळापासून', 'शंभर टक्के', 'डॉक्टर हे सांगत नाहीत' असे शब्द दिसले की मी तिथेच थांबते. शेवटी काही विकायला ठेवले असेल तर तो सल्ला नव्हे, जाहिरात आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे, केव्हा घरी न थांबता दवाखान्यात जावे हे त्यात लिहिलेले असावे. प्रामाणिक लिहिणारा आपल्या ज्ञानाची हद्द सांगतो. भोंदू कधीच सांगत नाही. डॉक्टरांनाही ही अट चुकलेली नाही. चिठ्ठीवर डॉक्टरांनी आपला नोंदणी क्रमांक लिहावा असा नियम २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेतच आहे, आणि फोनवरून उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाही मार्च २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनी तो बंधनकारक केला. तो क्रमांक म्हणजेच सही.

आता तर फोनला तोंडी विचारले तरी तो गोड मराठीत सविस्तर उत्तर देतो. ते चुकीचेच असते असे नव्हे. पुष्कळदा चांगले बरोबर असते. पण बरोबर असो वा चूक, त्याचा आवाज सारखाच ठाम असतो आणि खाली सही नसते. त्याच्याकडून शब्दाचा अर्थ समजून घ्यावा, डॉक्टरांना काय विचारायचे त्याची तयारी करून घ्यावी. गोळी सुरू किंवा बंद मात्र त्याच्या सांगण्यावरून करू नये.

आणि विचारण्याची भीडही आपणच मोडायला हवी. मी आता कुणासोबत दवाखान्यात जाते तेव्हा एका कागदावर तीन प्रश्न लिहून नेते: हा आजार कोणता, ही गोळी किती दिवस, आणि काय झाले तर परत यायचे. फोनवर वाचलेले असेल तर तेही उघड सांगते. कुणी डॉक्टर कपाळाला आठ्या घालतात, कुणी कौतुकाने उत्तर देतात. पण तीन प्रश्न असले की उत्तर मिळतेच, आणि ते घरी येऊन मी माणसाच्या शब्दांत सांगते, ठणका तर ठणका, कळ तर कळ.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी पुष्कळजण घरातले पहिले पदवीधर होणार आहेत. उद्या नोकरी लागेल न लागेल. पण आई, आजी, शेजारच्या काकू फोन पुढे करून 'बघून सांग' म्हणतील, ही नेमणूक आज झालेलीच आहे. आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो. त्याच शिबिरात एक दुपार गावातल्या आशाताईंना बोलावून ओट्यावर बसावे, लोकांच्या फोनमध्ये आलेले दवापाण्याचे मजकूर एकेक करून मोठ्याने वाचावेत आणि प्रत्येकाखाली नाव शोधावे, असे मला सुचवावेसे वाटते. ज्याखाली नाव सापडेल तो मजकूर ठेवावा, ज्याखाली नाही तो तिथेच पुसावा. खर्च काही नाही. सतरंजी मी आणीन.